परळ येथील गव्हर्नरांचा वाडा : खरेदी कीं जप्ती ?

इंग्लंडच्या सामाजिक इतिहासांत ‘कंट्री हाउस’ या नांवानें जें घर ओळखलें जातें, तें केवळ शहराबाहेरचें मोठें घर नव्हे. भोंवतालची जमीन, तिच्यावरील कुळें, कुळांकडून येणारा खंड, आणि तो खंड बापामागून मुलास मिळत राहील अशी वारसाची व्यवस्था, इतकीं सर्व मिळून तें घर होतें. आपल्याकडील वतनदारांच्या गढ्यांशीं त्याची तुलना करितां येईल. मात्र गढी मुख्यतः संरक्षणासाठीं असे, आणि ट्यूडर राजांच्या काळानंतरचें इंग्रजी घर मुख्यतः प्रतिष्ठेसाठीं व सुखासाठीं असे, हा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. या घरांपैकीं कित्येकांच्या नांवांत ‘अ‍ॅबी’ म्हणजे मठ हा शब्द आजहि राहिला आहे. आठव्या हेन्रीनें १५३६ ते १५४० या चार-पांच वर्षांत मठ मोडून त्यांच्या जमिनी खालसा केल्या. त्या दरबारी मंडळींनीं मिळविल्या. आणि जेथें मठवासी प्रार्थना करीत तेथें सरदारांचीं दिवाणखाने व भोजनगृहें झालीं. वोबर्न, लेकॉक, न्यूस्टेड हीं त्याचीं ठळक उदाहरणें होत. न्यूस्टेडचा मठ १५४० मध्यें बायरन घराण्याकडे गेला, व त्याच घराण्यांत पुढें तो प्रसिद्ध कवि निपजला.

असें एखादें घर मुंबई बेटांत, किंवा त्याच्या उत्तरेस साष्टींत, म्हणजे आज जेथें अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें पसरलीं आहेत त्या प्रदेशांत, कधीं उभें राहिलें काय? साष्टीपुरतें उत्तर देतांना एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. मुंबई बेट इंग्रजांकडे १६६५ मध्यें आलें व १६६८ मध्यें कंपनीच्या ताब्यांत गेलें. साष्टी मात्र १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे व नंतर मराठ्यांकडे होती. इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला तो १७७४ च्या डिसेंबरांत, आणि त्या ताब्यावर शेवटचें शिक्कामोर्तब झालें तें १७८२ च्या सालबाईच्या तहानें. म्हणजे शंभराहून अधिक वर्षें इंग्रज गृहस्थाच्या घोड्यास माहीमच्या व शिवच्या खाडीशीं थांबावें लागे. त्यापलीकडे दुसऱ्याचें राज्य होतें.

साष्टी हातीं आल्यावर एक प्रयत्न झालेला दिसतो, तो पवईस. तेथील इनामवजा मोठी इजाऱ्याची जमीन १७९९ मध्यें डॉक्टर हेलेनस स्कॉट यास मिळाली. हा स्कॉट कंपनीच्या वैद्यकखात्यांतील मोठा अधिकारी. मुंबईंत १८०२ सालीं देवीची लस प्रथम यशस्वी झाली त्या कामांतहि त्याचा हात होता. परंतु पवईंत इंग्रज घराणें रुजलें नाहीं. १८२९ मध्यें ती जमीन फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे गेली. त्यांनीं विहिरी खणल्या, ऊंस, नीळ व तुतीची लागवड करून पाहिली, आणि पवईच्या बागेचे आंबे १८३८ मध्यें व्हिक्टोरिया राणीस पाठविले. इंग्रजी पद्धतीचा खरा जमीनदार येथें पारशी निघाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. असो. पवईस जमीन होती, पण इंग्रजी वाड्याचा इतिहास नाहीं. वाड्याचा इतिहास पाहावयाचा तर खाडीच्या अलीकडे, त्या काळच्या उपनगरांत, म्हणजे परळास आलें पाहिजे.

परळ हें नांव पाडळ वृक्षावरून आलें असें कोणी म्हणतात, व परळी वैजनाथाच्या देवस्थानावरून आलें असेंहि म्हणतात. त्या देवस्थानाच्याच जागीं पोर्तुगीज अमदानींत चर्च झालें ही परंपरा आहे, आणि ती परंपरा म्हणूनच येथें नोंदवितों. गांवांतील शिवोपासना मात्र फार जुनी, याबद्दल वाद नको. १९३१ मध्यें रस्त्याचें काम चालू असतां जी भव्य शिवप्रतिमा निघाली व जी आज बारादेवीच्या मंदिरांत आहे, ती सहाव्या शतकाच्या सुमाराची समजली जाते. देवस्थानें बदललीं, कीं त्यांचीं चर्चें झालीं, हा प्रकार या भागास नवीन नाहीं. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं काय केलें हें सर्वश्रुतच आहे.

परळच्या वास्तूचा पहिला प्रत्यक्षदर्शी साक्षी म्हणजे इंग्रज वैद्य जॉन फ्रायर. तो मुंबईस १६७३ मध्यें आला. परळास जेझुइट पाद्र्यांचें चर्च व त्याला लागून त्यांची जमीन असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. तेव्हां बेट इंग्रजांचें होऊन आठ वर्षें झालीं होतीं, तरी परळ पाद्र्यांकडेच होतें. या पाद्र्यांचें मुख्य ठाणें खाडीपलीकडे वांद्र्यास, सेंट अ‍ॅन कॉलेजांत. म्हणजे जमीन इंग्रजांच्या राज्यांत, मालक पोर्तुगीजांच्या राज्यांत. पुढील सर्व तंट्याचें मूळ या एका वाक्यांत आहे.

हें चर्च गव्हर्नराचा वाडा कसें झालें? याविषयीं दोन निरनिराळ्या हकीगती चालत आल्या आहेत, आणि दोन्ही इंग्रजांच्याच आहेत. पहिली जॉन हेन्री ग्रोस याची. हा कंपनीचा नोकर १७५० मध्यें मुंबईस आला व त्याचें प्रवासवर्णन १७५७ मध्यें छापलें. तो म्हणतो कीं परळची इमारत मूळची जेझुइटांची. इंग्रजांच्या हिताविरुद्ध त्यांनीं दुष्कृत्यें केलीं म्हणून ती १७१९ च्या सुमारास जप्त झाली. आतां नव्या इमारती जोडून व बाग सुधारून ती राहण्यास मोठी सोईची झाली आहे. दोहों बाजूंस झाडें असलेला सुमारें मैलभर लांबीचा रस्ता वाड्याकडे जात असल्याचेंहि तो सांगतो. दुसरी हकीगत बिशप हीबर याची. कलकत्त्याचा हा धर्माधिकारी १८२५ मध्यें मुंबईस आला, तेव्हां तो परळास गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा पाहुणा होता. एकावर एक अशीं ७५-८० फूट लांबीचीं दोन दालनें त्यानें पाहिलीं. खालचें दालन म्हणजे भोजनगृह हें पूर्वीं जेझुइटांचें चर्च होतें. तें मोडकळीस येऊन पडलें होतें, व सुमारें साठ वर्षांपूर्वीं सरकारनें तें एका पारशाकडून विकत घेतलें, असें त्यास सांगण्यांत आलें.

एक म्हणतो जप्ती, दुसरा म्हणतो खरेदी. एक म्हणतो १७१९, दुसऱ्याच्या हिशेबानें साल येतें १७६५. दोघांचा मेळ घालण्याचा खटाटोप करण्याचें कारण नाहीं. कारण मध्यें तिसरा साक्षी उभा आहे, व तो इंग्रज नाहीं. डेन्मार्कच्या राजानें पाठविलेल्या संशोधक मंडळींपैकीं एकटाच जिवंत परतलेला कार्स्टन नीबूर हा १७६३-६४ मध्यें मुंबईंत होता. बेटाच्या मध्यभागीं जेझुइटांचें जें सुंदर चर्च होतें तें आतां इंग्रज गव्हर्नराचें बागेंतील घर झालें असून चर्चच्या जागीं मेजवान्यांचीं व नाचाचीं दालनें केलीं आहेत, असें तो स्वच्छ लिहितो. हीबरच्या हकीगतीप्रमाणें जी वास्तु त्या सुमारास पारशाच्या हातीं ओसाड पडलेली असावयास पाहिजे, तींत नीबूरच्या वेळीं गव्हर्नर पाहुण्यांस जेवूं घालीत होता! ग्रोस तर त्याच्याहि आधींचा. तेव्हां खरेदीची गोष्ट खोटी ठरते. हीबरनें ती रचली असें आम्ही म्हणत नाहीं. तो भला माणूस होता, यजमानाच्या पंक्तीला जें कानीं आलें तें त्यानें लिहिलें. पण शंभर वर्षांत त्या पंक्तीला जप्तीची खरेदी झाली होती, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्या घरांत जेवावयाचें तें पैसे मोजून घेतलेलें असावें असें जेवणाऱ्यास वाटणें स्वाभाविकच आहे.

जप्ती खरी धरिली तरी तिचें कारण तपासलें पाहिजे. सर्वसाधारणपणें असें सांगतात कीं जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान १६८९ च्या फेब्रुवारींत शिवडीस उतरला, माझगांव व माहीम त्यानें घेतलें, व इंग्रजांस किल्ल्यांत कोंडून १६९० च्या जूनपर्यंत सळो कीं पळो करून सोडिलें. त्या वेळीं वांद्र्याच्या जेझुइटांनीं सिद्दीस दाणागोटा पुरविला, म्हणून इंग्रजांनीं त्यांची मुंबईंतील मालमत्ता जप्त केली. सिद्दीची स्वारी खरी, आणि पाद्र्यांविषयींचा इंग्रजांचा राग हाहि खरा. वेढा उठल्यावर पाद्र्यांच्या जमिनींवर इंग्रजांनीं हात टाकिला, हेंहि खरें. परंतु परळची वास्तु गव्हर्नराच्या पदरीं पडते ती १७१९ मध्यें. अपराध १६८९ चा आणि शिक्षा तीस वर्षांनीं, हा न्याय सरळ नव्हे. तीस वर्षांनीं शिक्षा होते तेव्हां तिचें कारण जुन्या अपराधांत शोधूं नये, नव्या गरजेंत शोधावें.

ती गरज कोणाची? १७१५ ते १७२२ या काळांत मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून हा होता. त्यानें शहरास तट घातला. सेंट थॉमसचें चर्च त्याच्याच कारकीर्दींत, १७१८ च्या नाताळांत, उघडलें. आणि याच वर्षांत त्यानें कान्होजी आंग्र्यांवर आरमारें पाठवून विजयदुर्ग व खांदेरी या दोन्ही ठिकाणीं अपयश घेतलें. तिजोरी रिकामी, शत्रु शेजारीं, आणि बेटांतील रोमन कॅथलिक रयतेचे पाद्री गोवेकर पोर्तुगीजांच्या हुकमतींतले, अशी त्याची स्थिति होती. परळ गेल्यानंतर वर्षभरांतच, १७२० मध्यें, त्यानें फ्रान्सिस्कन पाद्र्यांस बेटाबाहेर घालवून त्यांच्या जागीं कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणिले. परळची जप्ती या मालिकेंतील एक मणि आहे. तिचा संबंध सिद्दीशीं फार थोडा व आंग्र्यांच्या भीतीशीं फार मोठा आहे, असें आमचें मत आहे.

बून याच्या आरोपपत्रांस किती किंमत द्यावी हें ठरविण्यास आपल्या हातीं एक चांगलें माप आहे. मुंबईंतील सारस्वत पुढारी रामा कामती हा कंपनीचा जुना विश्वासू माणूस. इंग्रजी फौजेंतील देशी शिपायांची सरदारकी त्यानें केलेली. वाळकेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार त्यानें केला. सेंट थॉमसच्या समारंभास तो आपल्या जातभाईंसह हजर होता. त्याच रामा कामतीवर १७२० मध्यें आंग्र्यांशीं फितुरी केल्याचा आरोप ठेवून बून सरकारनें त्यास जन्मठेप दिली व त्याची मालमत्ता जप्त करून विकली. तो १७२८ मध्यें तुरुंगांतच मेला. ज्या पत्रांवर हा खटला उभारला तीं बनावट होतीं असें पुढें निष्पन्न झालें. तोच गव्हर्नर, तेंच वर्ष म्हणण्यास हरकत नाहीं, तोच आरोप, आणि शेवटीं तीच जप्ती. जेझुइट निर्दोषी होते असें यावरून सिद्ध होत नाहीं. वांद्र्याचे पाद्री राजकारणापासून अलिप्त होते असें कोण म्हणेल? पण बून सरकारनें दुष्कृत्य म्हटलें म्हणजे तें दुष्कृत्य झालें, असें मानण्यास मात्र आतां जागा राहत नाहीं.

मग जेझुइटांनीं आपला हक्क पुढें कां सांगितला नाहीं? सांगणारेच उरले नाहींत. १७३९ मध्यें मराठे वसईवर विजय मिळवून वांद्र्याकडे वळणार या भीतीनें सेंट अ‍ॅन कॉलेज पाडण्यांत आलें, आणि तें पाडावें असा सल्ला इंग्रजांचा होता. १७५९ मध्यें पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानें सर्व पोर्तुगीज मुलखांतून जेझुइटांस हद्दपार केलें. १७७३ मध्यें पोपनें तो पंथच बरखास्त केला. म्हणजे हीबर परळास जेवला त्याच्या पन्नास वर्षें आधींच ‘हें घर आमचें’ असें म्हणणारा पक्ष नाहींसा झाला होता. खरेदीच्या गोष्टीस विरोध कोण करणार?

आरंभीं इंग्लंडांतील मठांचा उल्लेख केला तो याच कारणानें. परळास जें झालें तें हेन्रीच्या इंग्लंडांत घडलेल्या प्रकाराची लहानशी पुनरावृत्ति होय: पाद्र्यांवर आरोप, वास्तूची जप्ती, आणि प्रार्थनागृहाचें भोजनगृह. पण पुढें वाट फुटते. वोबर्न रसेल घराण्याचें झालें व पिढ्यान्पिढ्या राहिलें. परळ कोणाच घराण्याचें झालें नाहीं. तें हुद्द्याचें घर होतें. गव्हर्नर येई, पांच-सात वर्षें राही, बागेंत एखादी रांग झाडांची लावी, आणि बदली किंवा मरण आलें म्हणजे जाई. त्याच्या खर्चास कुळांचा खंड नव्हता. तो सरकारी तिजोरींतून, म्हणजे मुंबई इलाख्याच्या रयतेकडून, होई.

परळास कायमचें बिऱ्हाड करणारा पहिला गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (१७७१–८४) असें समजलें जातें. वरळीच्या बांधामुळें त्याचें नांव मुंबईच्या जिभेवर दीर्घकाळ राहिलें. या हॉर्नबीनें स्वदेशीं परतल्यावर हॅम्पशायर परगण्यांत हूक येथें जमीन घेऊन मोठा वाडा बांधिला, आणि तो मुंबईच्या सरकारी वाड्याच्या धर्तीवर बांधिला असें तेथील परंपरा सांगते. इंग्रजी घराची नक्कल मुंबईंत झाली ही गोष्ट सर्वांस ठाऊक. मुंबईच्या घराची नक्कल इंग्लंडांत झाल्याचें हें उदाहरण विरळा. ज्यास येथें वारसा निर्माण करितां आला नाहीं त्यानें तो येथील पैशावर तिकडे निर्माण केला, इतकाच त्याचा अर्थ.

पुढील गव्हर्नरांची यादी देऊन वाचकांस शिणवीत नाहीं. एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे, कारण या त्रैमासिकासारख्या प्रकाशनांची वंशावळ त्यास जाऊन मिळते. जोनाथन डंकन गव्हर्नर असतां (१७९५–१८११) तो स्वतः बहुधा किल्ल्यांतील घरीं राही. १८०४ मध्यें मुंबईचा मुख्य न्यायाधीश, ज्यास तेव्हां रेकॉर्डर म्हणत, म्हणून सर जेम्स मॅकिंटॉश आला, तेव्हां डंकननें परळचें घर त्यास राहावयास दिलें. मॅकिंटॉश मोठा ग्रंथसंग्रही व तत्त्वचिंतक. मुंबईच्या गोऱ्या समाजांत बोलण्यासारखीं माणसें नाहींत ही त्याची तक्रार असे. त्यानें परळच्या घरीं २६ नोव्हेंबर १८०४ रोजीं कांहीं मंडळी जमवून ‘लिटररी सोसायटी ऑफ बाँबे’ स्थापिली. हीच पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, व आज टाउन हॉलमध्यें एशियाटिक सोसायटी म्हणून आहे. त्या बैठकीस एकहि हिंदी माणूस नव्हता. हिंदी सभासद घेण्यास सोसायटीस पुढें अनेक वर्षें लागलीं. तरी पण पश्चिम हिंदुस्थानांतील संघटित संशोधनाचा आरंभ जप्त केलेल्या एका मठांत झाला, हें नाकारतां येत नाहीं.

एल्फिन्स्टन (१८१९–२७) यानें वाड्याचा विस्तार केला, पण त्याच्याच वेळीं मलबार पॉइंटवर समुद्राकाठीं गव्हर्नरासाठीं दुसरा बंगला झाला, आणि त्याच्यामागून आलेल्या माल्कमनें तो वाढविला. परळचें महत्त्व हळूहळू ओसरूं लागलें तें येथून. पावसाळ्यासाठीं पुण्यास आधीं दापोडी व मग गणेशखिंड, उन्हाळ्यासाठीं महाबळेश्वर, अशी त्रिस्थळी यात्रा गव्हर्नर करूं लागले. १८७५ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडचा युवराज, पुढील सातवा एडवर्ड, परळास उतरला, ती या घराच्या वैभवाची शेवटची मोठी पंगत. तोंपर्यंत भोंवतालचें परळ पार बदललें होतें. १८५३ मध्यें आगगाडी आली. तिच्यामागून कारखाने व कापसाच्या गिरण्या आल्या. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या कामकऱ्यांच्या चाळी उठल्या. ग्रोसच्या वेळची झाडांची रांग आतां धुरानें काळवंडली. बागेजवळच्या साचलेल्या पाण्यानें घर रोगट झालें अशी ओरड होतीच. त्यांत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (१८८०–८५) याची पत्नी या घरांत पटकीनें मरण पावली. त्यानंतर गव्हर्नरांनीं परळ सोडलें व मलबार पॉइंट हेंच मुंबईंतील कायमचें निवासस्थान केलें.

इंग्लंडांत असें घर सोडावयाचें तर वारस, सावकार व वकील यांच्या किती बैठका व्हाव्या लागतात! येथें एका हुकुमानें काम झालें. वारसाचें घर नव्हतें म्हणूनच तें इतक्या सहज रिकामें झालें, आणि रिकामें होतें म्हणूनच पुढचा प्रसंग घडला.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीस डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत सरकारनें वाल्डेमार हाफकिन यास मुंबईस बोलाविलें. हा ओडेसाचा यहुदी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत तयार झालेला. पटकीवरील लस घेऊन तो १८९३ पासून हिंदुस्थानांत फिरत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यानें प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा झाली. परळच्या ओसाड वाड्यांत आधीं प्लेगचें रुग्णालय झालें. मग जागेसाठीं दोन-तीन बिऱ्हाडें बदलून थकलेल्या हाफकिनची प्रयोगशाळा तेथें आली, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यानें ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’ म्हणून तिचें उद्घाटन केलें. याच सँडहर्स्टच्या कारकीर्दींत, २२ जून १८९७ च्या रात्रीं, गणेशखिंडीच्या वाड्यांतील राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परततांना पुण्याचा प्लेग-अधिकारी रँड याच्यावर चाफेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. गव्हर्नराचे दोन वाडे, व दोहोंच्या इतिहासांत प्लेग शिरला. एका वाड्याच्या वाटेवर लष्करी झडत्यांचा सूड घेतला गेला. दुसऱ्यांत, कोणाच्या घरांत न शिरतां प्लेग अडविण्याचा उपाय बाटल्यांत भरला जात होता.

या बाटल्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहिण्यास हरकत नाहीं. रोगजंतु वाढविण्यास मांसाचा काढा लागे. यूरोपांत तो गाईच्या मांसाचा करीत. हिंदु व मुसलमान दोघांसहि चालावें म्हणून हाफकिननें बकऱ्याचें मांस घेतलें. काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांखालीं जंतु लोंबत्या पारंब्यांसारखे वाढत. पांच-सहा आठवडे असे झाल्यावर तो काढा तापवून जंतु मारीत व थोडें कार्बोलिक अ‍ॅसिड घालून लस भरीत. ज्या दालनांत युवराजापुढें मद्याचे पेले मांडले होते तेथें आतां या चंबूंच्या रांगा लागल्या.

सर्व सुरळीत मात्र चाललें नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं परळहून आलेल्या लशीची एक बाटली उघडण्यांत आली, व ती टोंचलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. ठपका प्रयोगशाळेवर म्हणजे हाफकिनवर आला. त्यास परळ सोडावें लागलें. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करितां वापरला, हें कागदांतच होतें. पण तें मान्य होण्यास, आणि रोनाल्ड रॉससारख्यांनीं जाहीर पत्र लिहिल्यावर, १९०७ साल उजाडलें. आरोप करणें सोपें व मागें घेणें अवघड, हा बूनच्या वेळचा प्रकार येथेंहि दिसतो. हाफकिन हिंदुस्थानांत परत आला तो कलकत्त्यास. परळची खुर्ची त्यास पुन्हा मिळाली नाहीं.

तो नसतांना परळास मोठा शोध लागला. उंदरांच्या पिसवांकडून प्लेग माणसास होतो या तर्कास डॉक्टर ग्लेन लिस्टन यानें मुंबईच्या घरांत गिनीपिग सोडून व त्यांच्या अंगावरील पिसवा मोजून आधार मिळविला. १९०५ पासून प्लेग-कमिशननें गव्हर्नराच्या जुन्या बागेंतच निरनिराळ्या छपरांच्या लहान खोल्या बांधून, आढ्यांत उंदीर व खालीं गिनीपिग ठेवून तो पक्का केला. चाळींतील छपराखालीं काय चालतें हें पाहण्यासाठीं गव्हर्नराच्या बागेंत चाळ बांधावी लागली! १९०६ मध्यें संस्थेचें नांव ‘बाँबे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झालें व १९२५ मध्यें ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’. ज्यास तेथून घालविलें त्याचें नांव वास्तूस मिळालें तेव्हां तो जिवंत होता. १९३० मध्यें तो लोझान येथें वारला. १९३२ मध्यें साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले. लस बनविण्याचें काम १९७५ मध्यें वेगळ्या महामंडळाकडे गेलें; संशोधन व शिक्षण जुन्या वाड्यांतच आहे.

शेवटीं कागदांविषयीं. बूनच्या वेळच्या घडामोडी आपण आजवर इंग्रजी बाजूनेंच वाचीत आलों. मुंबईच्या पुराभिलेखागारांत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच्या कौन्सिलाच्या रोजनिशा आहेत, त्या परळच्या दृष्टीनें पुन्हा चाळल्या पाहिजेत. पण फिर्यादीचा जबाब तिकडे सांपडणार नाहीं. वांद्र्याच्या जेझुइटांचे वरिष्ठ गोव्यास होते, व त्यांचेहि वरिष्ठ रोमास. १७१९-२० च्या जप्तीविषयीं त्यांनीं विसरईकडे गाऱ्हाणें नेलें असल्यास तें पणजीच्या, लिस्बनच्या किंवा रोमच्या दप्तरांत असावयाचें. पोर्तुगीज वाचणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकानें बून व रामा कामती हीं दोन नांवें मनांत धरून १७१८ ते १७२२ या चार वर्षांचा पत्रव्यवहार आधीं काढावा.